भुयार रंगवायचंय? आधी पावसातली भिंत बघा

दिवाळीच्या सुट्टीत ज्यांनी दारात किल्ला केलाय, त्यांना टेरेन म्हणजे काय, म्हणजे खेळासाठी केलेली छोटी जमीन, डोंगर नि भिंती, हे वेगळं सांगायला नको. विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं, वर लाल माती, हळीव पेरून उगवलेलं जंगल आणि बुरुजावर मातीचे मावळे. बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत दिवाळीला असे चार-पाच किल्ले उभे राहायचे आणि आम्ही पोरं संध्याकाळी एकमेकांचे किल्ले बघत फिरायचो. आज मी टेबलावरच्या खेळांसाठी भुयारं करतो, तेही मला त्याच कामाचा पुढचा भाग वाटतं. तेव्हा किल्ल्याचा वरचा भाग करत होतो, आता त्याच्या पोटातल्या कोठड्या, जिने आणि पडक्या कमानी करतो.

ज्यांना हा खेळच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा एकेक पात्र होऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणला. त्यातलं डंजन म्हणजेच आपलं भुयार. कागदावर चौकोन आखूनही हा खेळ खेळता येतो. पण समोर खरी भिंत असली की खेळाडू बोट दाखवून बोलू लागतात, "मी ह्या खांबामागं लपतो." आमच्या रविवारच्या बैठकीत एक मित्र गोकाकचा, एक निपाणीचा, दोघं बेळगावचे. मराठी, कन्नड आणि नियमांचं इंग्रजी एकाच वाक्यात येतं. खांब समोर असला की कुणालाच कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

या लेखात मी मुख्यतः रंगाबद्दल लिहिणार आहे, कारण नवीन माणूस अडतो तो तिथंच. कापाकापी सगळ्यांना जमते. रंग दिला की मात्र भिंत राखाडी प्लास्टिकसारखी दिसते आणि नेमकं काय चुकलं ते कळत नाही.

मला ते कळलं आजीमुळे. मी एक भिंत रंगवून खिडकीत वाळत ठेवली होती. दगड राखाडी, फटी काळ्या, आणि जुनी दिसावी म्हणून सगळीकडे सारखे हिरवे ठिपके दिले होते. आजीनं ती हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि विचारलं, "शेवाळ मधेच आलंय होय? तिथं पाणी कुठनं आलं रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं सगळं आयुष्य कौलारू घरात गेलेलं. कुठलं कौल फुटलं की भिंतीवर कुठं ओल उतरते हे तिला तोंडपाठ. त्या दिवसापासून मी कुठलीही भिंत रंगवायला घेण्याआधी पाणी कुठून येतं ते ठरवतो, आणि तुम्हीही तेच करा असा माझा आग्रह आहे.

आधी तुकडा तयार करा

पहिल्यांदा अख्खं भुयार करायला घेऊ नका. सहा इंच बाय सहा इंचाच्या चार फरश्या, दोन सरळ भिंती आणि एक कोपरा, एवढंच करा. बहुतेक मिनिएचर, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती (आम्ही त्यांना मिनी म्हणतो), २८ मिलिमीटरच्या मापाच्या असतात आणि जमिनीवरचा एक इंचाचा चौकोन खेळात पाच फूट धरला जातो. म्हणजे तुमच्या एका फरशीत ३६ चौकोन बसतात, एक बरी खोली होते. भिंत दीड इंचापेक्षा उंच नको, नाहीतर पलीकडची मिनी दिसायला सगळे खुर्चीवरून उठतात.

साधा थर्माकोल कुठंही मिळतो, पण त्याचे दाणे सुटतात आणि त्यावर दगडाची रेघ नीट उमटत नाही. शक्य असेल तर एक्सपीएस घ्या. छताला आणि कोल्ड स्टोरेजला उष्णता अडवायला जी घट्ट, गुळगुळीत, निळी किंवा गुलाबी शीट लावतात तीच ही. असं काम करणाऱ्यांकडे तुकडे उरलेले असतात, मागून बघा. नाहीतर ऑनलाइन मागवा. कटरचं पातं नवं हवं. जुन्या पात्यानं फोम कापला जात नाही, फाटतो.

पेन्सिलीनं एक इंचाचे चौकोन आखा आणि त्या रेघांवरून बॉलपेन दाबून फिरवा. भिंतीवर मात्र चौकोन नकोत. तिथं लहान-मोठे दगड काढा, एकाची उभी फट वरच्या दगडाच्या मधोमध येईल असे. मग ॲल्युमिनियम फॉईलचा घट्ट चुरगळलेला गोळा घेऊन सगळ्या पृष्ठभागावर फिरवा. गुळगुळीत फोम दहा सेकंदांत खडबडीत दगड होतो. चार-पाच दगड बोटानं थोडे आत दाबा, दोन-तीन कोपरे कटरनं उडवा. एवढं पुरे.

कुणाकडे थ्रीडी प्रिंट केलेले तुकडे असतील तर ते साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा आणि थेट रंगाकडे या.

काळा थर

इथं एक सूचना ठळकपणे: फोमवर किंवा थर्माकोलवर स्प्रेचा डबा थेट मारायचा नाही. स्प्रेमधलं सॉल्व्हंट फोम खातं. माझी पहिली कमान अशीच गेली. दोन संध्याकाळी बसून एकेक दगड कोरला होता. स्प्रे मारल्यावर मिनिटभरात कडा बसल्या, कोरलेल्या रेघा पुसल्या गेल्या आणि हातात खड्डे पडलेला गोळा राहिला.

त्याऐवजी दोन भाग काळं ॲक्रिलिक इमल्शन, म्हणजे भिंतीला देतात तोच रंग, आणि एक भाग फेविकॉल एकत्र करा. रंग ब्रशवरून सहज उतरेल इतपतच पाणी घाला. इंचभर रुंद ब्रशनं हे मिश्रण प्रत्येक फटीत घुसवून लावा. वाळलं की दुसरा हात द्या. या थरामुळे फोमला कवच मिळतं आणि फटींत कायमचा अंधार राहतो. पुढं कितीही उजळ रंग दिला तरी तो अंधार हलत नाही. प्लास्टिकच्या प्रिंटवर प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, स्प्रे चालतो, पण तो गच्चीवर, मास्क लावून, वीसेक सेंटिमीटर अंतरावरून आणि कोरड्या दिवशी.

दोन्ही बाजू रंगवायच्या, खालचीसुद्धा. रंग वाळताना आकसतो आणि एकाच बाजूला असेल तर पातळ फरशीला आपल्याकडे ओढतो. एका जुलैत मी आठ फरश्या फक्त वरून रंगवल्या. सकाळी बघतो तर आठही फरश्यांच्या कडा वर आलेल्या, टेबलावर ठेवल्या की डुगडुगत होत्या. मग मागून तोच रंग दिला, वर वह्यांचं वजन ठेवलं, तेव्हा सहा सरळ झाल्या. दोन शेवटपर्यंत वाकड्याच राहिल्या.

पावसाळ्यात बेळगावात हा थर वाळायला रात्र लागते. खानापूरच्या पुढं कणकुंबीच्या बाजूला राहत असाल तर दोन रात्री धरा. वरून कोरडा लागतो पण फटीत ओला असतो, आणि घाईनं पुढचा हात दिला की साल निघते.

दगड कुठला ते ठरवा

भुयाराचा दगड राखाडीच असतो असं नवीन माणूस गृहीत धरतो. आपल्या जिल्ह्यात राहून तसं मानायचं काही कारण नाही. दख्खनच्या काळ्या बेसाल्टचं दक्षिणेचं टोक आपल्याकडे येतं, त्यावर पश्चिमेला जांभ्याचा थर आहे, आणि पूर्वेला गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली उडी घेते तो कडा वालुकाश्माचा आहे. म्हणजे तीन वेगळी भुयारं एका दिवसाच्या प्रवासात बघून होतात.

काळ्या दगडासाठी काळ्यात थोडा पांढरा आणि चमचाभर बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, मिसळा. नुसतं काळं-पांढरं मिसळलेलं राखाडी मेल्यासारखं दिसतं, तपकिरी पडला की दगड होतो. जांभ्यासाठी बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, आणि काळा हा पाया, वर काव आणि अगदी शेवटी पिवळी माती (यलो ऑकर). जांभ्याला भोकं हवीत, ती फोमवर टूथपिकनं टोचून घ्या. बेळगावच्या किल्ल्याचा खंदक अशाच मऊ तांबड्या दगडात खोदलेला आहे. तिथं कडेला उभं राहून दगड कोरडा असताना आणि ओला असताना कसा दिसतो ते एकदा बघून या. किल्ला मूळचा १२०४ सालचा, रट्ट राजघराण्याच्या काळातला. आत कमल बस्ती हे जुनं जैन मंदिरही आहे. तिच्या गडद दगडाच्या खांबांवर दारातून येणारा उजेड कुठं थांबतो आणि अंधार कुठं सुरू होतो ते बघाल तर हायलाइट, म्हणजे उजळ रंग, कुठं द्यायचा हा प्रश्न पुन्हा पडणार नाही. वालुकाश्मासाठी फिकट तांबूस-पिवळट रंग घ्या आणि फोम कोरतानाच आडवे थर काढा.

आता पाया म्हणून ठरवलेल्या रंगाची सर्वांत गडद छटा घ्या आणि काळ्या थरावर ब्रश आडवा ठेवून लावा. फटी काळ्याच राहिल्या पाहिजेत. मग दर आठ-दहा दगडांमागे एखादा दगड वेगळ्या छटेनं रंगवा, कुठं तपकिरी, कुठं निळसर, कुठं पिवळट. रंग पाण्यात पातळ करून द्या. हे करताना भिंत ठिगळं लावल्यासारखी दिसते. तशीच दिसू द्या, पुढच्या दोन पायऱ्यांत ती जुळून येते.

रंग ॲक्रिलिकच घ्या. शाळेतले पोस्टर कलर स्वस्त म्हणून घेतले तर पुढं वॉश, म्हणजे रंगाचं पातळ पाणी, देताना खालचा रंग विरघळून सगळा गाळ होतो. कलाकारांच्या ट्यूब महाग वाटल्या तर हार्डवेअरच्या दुकानातून पांढरं इमल्शन आणि त्यात मिसळायचा काळा, तांबडा, पिवळा, हिरवा स्टेनर, म्हणजे दाट रंगाची छोटी बाटली, आणा. मी नव्वद टक्के काम त्यावरच करतो. ट्यूब फक्त शेवटच्या बारकाव्यांसाठी.

ड्रायब्रश

ड्रायब्रश म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशनं फक्त उंचवट्यांवर रंग देणं. या कामात जादू कुठं असेल तर ती इथं आहे. मऊ, भरगच्च, गोल ब्रश घ्या. मेकअपचा ब्रश सगळ्यांत उत्तम. बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीत बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात मिळतो आणि चित्रकलेच्या ब्रशपेक्षा स्वस्त पडतो. पायाच्या रंगात पांढरा किंवा फिकट पिवळा मिसळून दोन छटा उजळ रंग करा. ब्रशचं फक्त टोक त्यात लावा आणि मग जुन्या सुती कापडावर पुसा. पुसलात असं वाटलं की आणखी पुसा. शेवटी तळहाताच्या रेषांवरून ब्रश फिरवा. रेषांच्या कडांवर रंगाची नुसती भुकटी बसल्यासारखी दिसली म्हणजे ब्रश तयार झाला. सरळ पट्टा उठला तर अजून ओला आहे.

आता भिंतीवरून हलक्या हातानं, गोल गोल फिरवा. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत काहीच होत नाही. मग हळूहळू प्रत्येक दगडाची कड वर येते, फॉईलच्या गोळ्यानं उमटलेला एकेक खरवडा दिसू लागतो, आणि ज्या फोमला तुम्ही तासापूर्वी कापलं होतं तो हातात जड वाटायला लागतो. मला आजही या क्षणी काम थांबवून भिंत खिडकीपाशी नेऊन बघावीशी वाटते. ज्यांनी ती पहिल्यांदा केली त्या प्रत्येकाला मी तेच करताना बघितलंय.

जोर वाढवायचा मोह होईल. जोर नको, फेऱ्या वाढवा.

वॉश, आणि मग पाणी

वॉश म्हणजे रंगाचं पाणी. एक भाग काळपट तपकिरी ॲक्रिलिक, आठेक भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एकच थेंब. थेंबानं पाण्याचा ताण कमी होतो आणि ते थेंबाथेंबानं न साचता फटीत पसरतं. भिंतीवर हा वॉश द्या, मोठ्या दगडांच्या मधोमध तळं साचलं तर कोरड्या ब्रशनं टिपून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. वेगवेगळ्या छटांचे दगड इथं एका घरचे होतात. वाळल्यावर सगळ्यांत उजळ रंगाचा एक अगदी पुसट ड्रायब्रश, फक्त वरच्या कडांवर.

आता आजीचा प्रश्न. तुमच्या भिंतीत पाणी कुठून येतं? दोनच शक्यता धरून चला. जमिनीतून वर चढतं किंवा छतातून खाली उतरतं.

जमिनीतून येत असेल तर तळाकडचा पाव इंच गडद करा, हिरवट-काळ्या पातळ वॉशनं, आणि वरची कड सरळ ठेवू नका. ओल कधी सरळ रेषेत चढत नाही, फटींतून उंच जाते आणि मोठ्या दगडापाशी थांबते. ओलीची हद्द संपते तिथं पांढरट फिकी किनार येते, चुन्याचा क्षार फुटलेला असतो तशी. पांढऱ्यात भरपूर पाणी घालून ती किनार तुटक तुटक द्या. माझ्या मते भिंत जुनी दिसते ती हिरव्यापेक्षा या पांढऱ्यामुळे, आणि बहुतेक जण नेमका हाच बारकावा सोडतात.

छतातून येत असेल तर एकच जागा निवडा, समजा वरच्या कडेची एखादी फट. तिथून खाली निमुळता होत जाणारा ओघळ ओढा, आधी गडद, त्याच्या आत हिरवा. तो ओघळ जमिनीला लागतो तिथं फरशीवरही ओल दाखवा. शेवाळाला तीन हिरवे लागतात. फटीत काळपट, त्यावर पानासारखा, आणि सर्वांत बाहेर आलेल्या टोकांवर पिवळसर. नेमका रंग बघायचा असेल तर ऑगस्टमध्ये कुठल्याही जुन्या कंपाउंडच्या भिंतीशी उभे राहा. भिंतीची कुठली बाजू हिरवी आहे आणि कुठली नाही तेही बघा.

लोखंडी गज, कड्या, बिजागऱ्या असतील तर त्यांचाही पाण्याशी हिशेब असतो. उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, फौंड्रीच्या आवारात पावसात पडून राहिलेले बिडाचे तुकडे बघा. ताजा गंज केशरी, जुना गंज चॉकलेटी, आणि दोन्ही एकाच तुकड्यावर. पाया चॉकलेटी द्या, त्यावर स्पंजच्या तुकड्यानं केशरी टिपके, आणि गजाच्या खाली भिंतीवर गंजाचा एक बारीक ओघळ. जुन्या घरांच्या लाल जमिनीला घालतात ती रेड ऑक्साइडची पूड चिमूटभर घेऊन कोरड्या ब्रशनं चोळली तर गंज आणखी खरा दिसतो. ही पूड वॉर्निश देईपर्यंत बोटाला लागते, ध्यानात ठेवा.

मशाल टांगायची असेल तर तिच्या वर काजळीचा काळा डाग, वर जाताना रुंद आणि पुसट होणारा. फरशीच्या मधल्या वाटेवर आणि जिन्याच्या पायऱ्यांच्या मध्यावर एक उजळ ड्रायब्रश जास्त द्या, कारण माणसं तिथूनच चालली असणार. कोपऱ्यांत तो देऊ नका.

वॉर्निश आणि जपणूक

खेळताना या तुकड्यांना शंभर हात लागतात, म्हणून मॅट ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन पातळ हात द्या, ब्रशनं. स्प्रेचं वॉर्निश दमट हवेत मारलं तर पांढरी धुरकट साय धरतं, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे हवा दमटच असते. स्प्रेच वापरायचा असेल तर ते तुकडे दिवाळीनंतरसाठी ठेवा आणि फोम कुठं उघडा राहिलेला नाही ना ते तपासा. सगळं मॅट झाल्यावर ओलीच्या तळाशी, ओघळावर आणि डबक्यात तेवढं ग्लॉस मीडियम, म्हणजे चकाकी देणारं पारदर्शक ॲक्रिलिक, लावा. भिंत कोरडी आणि पाणी चमकतं, असा फरक दिसला की ओल खरी वाटते.

डब्यात ठेवताना तुकडे एकमेकांवर थेट रचू नका, ॲक्रिलिक दमटपणात एकमेकांना चिकटतं. वर्तमानपत्रही नको, शाई आणि कागद दोन्ही चिकटून येतात. मध्ये बटर पेपर घाला आणि बुटाच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका.

आणि शेवटची तपासणी दिवसा करू नका. जिथं खेळणार त्याच टेबलावर, रात्री, त्याच दिव्याखाली फरश्या मांडा आणि वर दोन-तीन रंगवलेल्या मिनी ठेवा. खुर्चीवर बसून बघा. नजर आधी मिनीवर गेली तर काम झालं. जमीनच आधी दिसत असेल तर ती जास्त उजळ झालीय. तोच तपकिरी वॉश आणखी पातळ करून फक्त फरशीवर एक हात द्या, भिंतींना हात लावू नका, आणि दुसऱ्या दिवशी रात्री पुन्हा मांडून बघा.